भिकाऱ्याचा कान

आमच्या सातपूरच्या गल्लीत मोहिनीताईला सगळे शांत बाई म्हणतात. हे लोक आंधळे आहेत. तिच्या शेडमध्ये आणि माझ्या शेडमध्ये एकच पत्र्याची भिंत आहे. तेरा वर्षं झाली, अलीकडे मी वेल्डिंग करतो आणि पलीकडे ती मूर्ती करते. तिच्याइतका राग जपून ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. माझं डोकं फिरलं की मी दोन शिव्या घालतो आणि चहा मागवतो. तिने मात्र एकच राग वर्षानुवर्षं धरून ठेवला होता. मूर्तिकार माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात ना, तसा. कधी वाळू दिला नाही.

तो राग होता भिमाजीसरांवर. पंचवटीत मखमलाबाद नाक्याजवळ त्यांचा मोठा स्टुडिओ. जिल्ह्यातल्या निम्म्या चौकांत उभ्या असलेल्या पुतळ्यांखाली त्यांचं नाव कोरलेलं आहे. रेशमी झब्बा, खांद्यावर शाल, आणि डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली. लहानपणी कुणीतरी बाळी ओढली म्हणतात. कानावरून लांबूनही ओळखू येणारा माणूस.

मोहिनीताई मखमलाबादची. घरची शेवंती आणि झेंडू. तिची आई कुसाबाई पंचवटीत फुलं विकायची आणि मोहिनी स्टुडिओत पूजेची फुलं पोचवायची. एकोणीस वर्षांची असताना फुलांची पुडी टेबलावर ठेवता ठेवता ती म्हणाली, "सर, या पुतळ्याचा डावा कान खाली उतरलाय." सर हसले. संध्याकाळी त्यांनी मोजपट्टी लावली, तर खरंच बोटभर उतरलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कामावर घेतलं.

त्यानंतर सतरा वर्षं तिथले सगळे चेहरे तिने केले. सर लोकांशी बोलायचे, मोहिनी माती लावायची. चेहरा ती नेहमी कानापासून सुरू करायची. माणूस सुटतो, टक्कल पडतं, दाढी येते, पण कान त्याचाच राहतो, असं तिचं म्हणणं. एका उद्घाटनाला पाहुण्याने विचारलं, ही कोण? सर म्हणाले, "ही आमची मातीवाली." ती कोपरापर्यंत मातीने भरलेली तशीच उभी राहिली. पण राग त्याचा नव्हता. तो अपमान तिने गिळला असता.

कुसाबाई तीन दिवसांच्या तापात गेल्या. त्यांचा एकही धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात बाई घाबरून गेलेली. म्हणून मोहिनीताईने आठवण ताजी आहे तोवर स्टुडिओच्या एका कोपऱ्यात आईचा चेहरा मातीत करायला घेतला. सरांचं काम संपलं की उरलेल्या वेळात. वर्षभर ती तो करत होती. आईच्या पोतीतला एक काळा मणी तिने मानेच्या मातीत बसवला होता. वर्षश्राद्ध झालं की त्याचा साचा काढायचा, असं तिने ठरवलं होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ती घरी होती. त्याच दिवशी स्टुडिओत एका पुढाऱ्याच्या पुतळ्याच्या बुटांना माती कमी पडली, आणि कमिटी दुसऱ्या दिवशी बघायला येणार होती. ताई कामावर आली तेव्हा कोपऱ्यातला पाट रिकामा होता आणि त्यावर तिचं ओलं फडकं नीट घडी करून ठेवलेलं होतं. तिने विचारलं तर सर म्हणाले, "अगं, माती कमी पडली. मातीच होती ना? कर की पुन्हा."

ती पुतळ्यापाशी गेली, खाली बसली आणि बोटांनी बूट चाचपायला लागली. डाव्या बुटाच्या टाचेत तिला मणी सापडला. तो तिने धुतला, दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला आणि बाहेर पडली. परत त्या दारात पाय ठेवायचा नाही असं ठरवूनच.

सातपूरला आल्यावर तिने आईचा चेहरा करायचा तीनदा प्रयत्न केला. मी पत्र्याच्या फटीतून बघायचो. तीनदा मोडला. एकदा म्हणाली, "डोळे आठवत्यात नवनाथभाऊ. पण दोन डोळ्यांमधलं अंतर नाय आठवत." त्यानंतर तिने तो नाद सोडला. सरांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं की ती नुसती माती मळायला होती, तिला काम देऊ नका. त्यामुळे तिच्या वाट्याला आले ते बंगल्यांच्या फाटकावरचे सिमेंटचे सिंह आणि बागेतली हरणं. ज्या हातांनी जिल्ह्याचे चेहरे केले, त्या हातांनी ती कचराकुंड्यांसाठी तोंड वासलेले बेडूक करत होती. मला बघवत नसे.

मी एकदा म्हणालो, "ताई, तू नुसतं हो म्हण. कंपनीतली चार पोरं घेऊन जातो आणि म्हाताऱ्याचे हातपाय सैल करून येतो."

ती बेडकाच्या जबड्यावरचं सिमेंट पुसत म्हणाली, "सूज चार दिवसांत उतरंल भाऊ. मला त्याचं तोंड पायजे."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मग फादर हिलरी आले. देवळाली कॅम्पातल्या एका चर्चचे हे धर्मगुरू, मूळचे वसईकडचे, सत्तरीचे, गोष्टीवेल्हाळ माणूस. कुठल्या तरी बंगल्यावर त्यांनी ताईचा सिंह पाहिला होता. "त्या सिंहाला राग येतो हो बाई," ते म्हणाले, "मला ज्याने तो केला तो माणूस हवा होता." त्यांचं चर्च संत मार्टिनचं. मार्टिन म्हणजे सैनिकांचा संत, आणि कॅम्पात घरोघर सैनिक. आवारात, रस्त्यावरून दिसेल असं त्याचं मोठं शिल्प करायचं होतं, ब्राँझमध्ये. त्यासाठी चर्चच्या बायकांनी घरातली पितळी तपेली, हंडे, मेणबत्त्यांच्या बैठका काढून दिल्या होत्या. एका निवृत्त सुभेदारांनी तर आपलं बिगुल दिलं होतं.

"आणि खाली नाव?" ताईने पहिलाच प्रश्न विचारला.

"संताचं."

"करणाऱ्याचं?"

"तुमचंच असणार ना. दुसऱ्या कुणाचं असणार?" फादरना त्या प्रश्नाचं नवल वाटलं. ताई क्षणभर दुसरीकडेच बघत राहिली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा तिचं नाव तिच्या कामाखाली लागणार होतं.

मग फादरनी गोष्ट सांगितली. मी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून ऐकत होतो. मार्टिन हा रोमन सैन्यातला तरुण शिपाई. कडाक्याच्या थंडीत घोड्यावरून एका शहराच्या वेशीपाशी आला. वेशीत एक उघडा भिकारी कुडकुडत बसलेला. जाणारे-येणारे त्याच्याकडे बघतही नव्हते. मार्टिनजवळ अंगावरच्या झग्याशिवाय देण्यासारखं काही नव्हतं. त्याने तलवार काढली, झगा मधोमध कापला आणि अर्धा भिकाऱ्याला दिला.

"भिकारी खाली बसलेला?" ताईने विचारलं.

"खाली बसलेला."

"हात पसरून?"

"हात पसरून. पण बाई, गोष्ट इथे संपत नाही. खरं तर इथे सुरू होते. त्याच रात्री मार्टिनला..."

"फादर," ताई म्हणाली, "शिल्पात घोडा, शिपाई, झगा आणि भिकारी, एवढंच दाखवायचं ना?"

"एवढंच."

"मग पुढचं नका सांगू. पोझ ठरली की पुढचं ऐकायचं नसतं. हात चळतो."

ही सवय तिला भिमाजीसरांनीच लावलेली. काम द्यायला आलेली माणसं पुढाऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंत सगळं सांगत बसतात आणि मूर्तिकाराचं चित्त विस्कटतं, म्हणून पोझ ठरली की कान बंद. सतरा वर्षं तिने हा नेम पाळला होता. त्या दिवशीही पाळला. फादर जरा हिरमुसले, पण हसून म्हणाले, "ठीक आहे, अनावरणाच्या दिवशी सगळ्यांबरोबर ऐका."

घोड्याचा आणि दोन माणसांचा लोखंडी सांगाडा मी केला. त्यावर ताईने माती चढवली. घोडा तीन आठवड्यांत झाला. आणि संत मार्टिन, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा चेहरा तिने चार दिवसांत उरकला. चांगला होता, दयाळू वगैरे. पण मन त्यात नव्हतं हे माझ्यासारख्या लोखंडवाल्यालाही दिसत होतं. मग ती भिकाऱ्याकडे वळली आणि सहा आठवडे तिथून हलली नाही.

एका दुपारी मी चहा घेऊन गेलो. भिकाऱ्याचं डोकं अजून नुसता गोळा होतं. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. फक्त डावा कान झाला होता. आणि त्या कानाची पाळी मधोमध फाटलेली होती.

मी चहा खाली ठेवला. मी कानाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं असे हसलो की गल्लीतली माणसं डोकावून गेली. अकरा वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"बसू दे त्याला रस्त्यावर," ती म्हणाली. "उघडा. हात पसरून. माझ्या नावाच्या वर. मी मेले, तो मेला, तरी बसून राहील. ब्राँझ हाय, कुणाच्या बुटाला नाय वापरता येणार."

खरं सांगतो, मला फार आनंद झाला. सूड वाईट वगैरे जे बोलतात, त्यांच्या आईचा चेहरा कुणी बुटात घातलेला नसतो. पुढचे दिवस मी रोज कामाचं निमित्त काढून बघायला जायचो. सरांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या आल्या. बोलताना एका बाजूला ओढला जाणारा ओठ आला. छातीच्या फासळ्या आल्या, पोटाची वळी आली. तिने त्यांना कुरूप केलं नाही, तेवढं कच्चं काम ती करत नाही. तिने त्यांना फक्त गरजू केलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, त्याचा हात तिने असा पसरवला की बघणाऱ्याने खिशात हात घालावा.

मातीचं काम बघायला फादर आले. मार्टिनकडे त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि ते भिकाऱ्यापाशी जाऊन थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर हात नेऊन क्रूसाची खूण केली. डोळे पुसले. "बाई, तुम्ही याला खरोखर पाहिलं आहे," ते म्हणाले.

"सतरा वर्षं बघत होते," ताई म्हणाली.

फादरना भिकाऱ्याची कणव आली असेल असं आम्हाला वाटलं. ते गेल्यावर पुन्हा हसलो. साचे निघाले, अंबडच्या एका भट्टीत ओतकाम झालं. तपेली, हंडे आणि बिगुल वितळून भिमाजीसर ब्राँझचे झाले.

अनावरण अकरा नोव्हेंबरला, मार्टिनच्या सणाला होतं. आदल्या आठवड्यात ताई स्वतः पंचवटीत गेली. ज्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणाली होती, त्याच दारात उभी राहिली, पत्रिका सरांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. "सर, माझं पहिलं काम हाय. तुम्ही यायलाच पायजे." सर खूश झाले. मातीवाली शेवटी वळणावर आली म्हणाले.

ते आले. पहिल्या रांगेत बसले. बरोबर पंचवटीतले चार-पाच जण होते. पुढे जवान, त्यांच्या बायका, कॅम्प बाजारातले दुकानदार, भाजीवाले, सगळे जमलेले. मी मुद्दाम अशा ठिकाणी उभा राहिलो की सरांचं तोंड दिसेल.

पडदा ओढला. आधी घोडा दिसला, मग तलवार, मग झगा, आणि शेवटी खाली बसलेला भिकारी. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्यातच मागून आवाज आला, "आयला, हे तर आपले सर!" कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं हसले. पहिल्या रांगेतले लोक एकदा भिकाऱ्याकडे आणि एकदा सरांकडे बघायला लागले. भिमाजीसरांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने नजर हटवली नाही. गळ्यातला मणी तिने दोन बोटांत धरला होता.

तेवढी दोन मिनिटं आमची होती.

मग फादर हिलरींनी माईक हातात घेतला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. वेस, थंडी, भिकारी, झगा. मला ते पाठ होतं. मी सरांच्या लाल कानाची मजा घेत होतो. "आणि त्याच रात्री," फादर म्हणाले, "मार्टिनला स्वप्न पडलं. स्वप्नात प्रभू येशू आले. त्यांच्या अंगावर काय होतं? तोच अर्धा कापलेला झगा. माझ्या बंधुभगिनींनो, वेशीत बसलेला तो भिकारी म्हणजे स्वतः प्रभू होता. मार्टिनचं शिल्प बघायला येणाऱ्याने आधी या भिकाऱ्याला ओळखावं. आमच्या शिल्पकार बाईंनी ते ओळखलं आहे."

आणि माणसं गुडघे टेकायला लागली. पहिल्यांदा सुभेदारांनी टेकले. मग बायकांनी. हिंदू भाजीवाल्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. कुणी मेणबत्ती लावली, कुणी झेंडूचा हार आणला होता तो भिकाऱ्याच्या गळ्यात घातला. भिमाजीसरांच्या गळ्यात. मखमलाबादचा झेंडू.

मी ताईकडे पाहिलं. तिच्या हातातून मणी सुटला होता. तोंडाचा रंग उडाला होता. सतरा वर्षं राबून आणि अकरा वर्षं जळून तिने काय केलं, तर आईचा चेहरा मोडणाऱ्याला देव करून ठेवलं. आणि तेही का, तर गोष्ट पुरती ऐकायची नाही, हे त्यानेच शिकवलं होतं म्हणून. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वाटलं, फादरच्या हातातला माईक घ्यावा आणि सगळं ओकून टाकावं.

पण माईक दुसऱ्याने घेतला. भिमाजीसर उठले होते. हा माणूस सगळं आयुष्य दुसऱ्याच्या कामाखाली आपलं नाव घालत आला होता, त्याला काय सुचणार हे मला आधीच कळायला हवं होतं. त्यांनी शालीने डोळे टिपले. "माझी ही शिष्या," ते म्हणाले, "देवाचा चेहरा करायची वेळ आली तेव्हा तिला जगात एकच चेहरा आठवला. तिच्या गुरूचा. यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कोणती?"

टाळ्या थांबेनात. सरांनी ताईला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, शिष्येने गुरूच्या मुखात देव पाहिला. ताईचं नाव तिसऱ्या ओळीत होतं.

नऊ दिवस तिचं शेड बंद होतं. दहाव्या दिवशी ती आली तेव्हा मी ग्राइंडर हातात घेऊनच तयार होतो. "ताई, दहा मिनिटांचं काम आहे. कान उडवतो, नाक सपाट करतो. मग मला पोलिसांनी नेलं तरी चालेल."

"खाली माझं नाव हाय भाऊ," ती म्हणाली. "माझ्या कामाला तुम्ही हात लावायचा नाय."

पुढे कित्येक दिवस ती कामापुरतंच बोलायची. सर मात्र दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटायच्या वेळेला देवळालीला जायला लागले. भिकाऱ्याशेजारी, डावा कान लोकांना दिसेल असे उभे राहायचे. लोक आधी मूर्तीला हात जोडायचे, मग कौतुकाने त्यांच्याकडे बघायचे. एक-दोघींनी त्यांच्या पायाला हात लावल्याचंही ऐकलं. मी ताईला ते सांगितलं, चिडून. ती म्हणाली, "मला तीन लोखंडी पायऱ्या करून द्या. धरायला दांडा पायजे. चौथऱ्यामुळं भिकाऱ्याचा चेहरा उंचावर हाय, म्हाताऱ्या बायांचा हात पोचत नाय."

संपली म्हटलं ही. हिनेही देव मानला त्याला. पायऱ्या केल्या, पण मनापासून नाही. फादरना मात्र भरून आलं. ताईने बायकांना जमवून सांगितलं, "आमच्या पंचवटीत देवाला नुसते हात नाय जोडत, हात लावतात. तोंडावरून हात फिरवायचा, कपाळाला लावायचा. आणि ही तुमचीच भांडी हायेत, काळी नका पडू देऊ. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आणि सणाच्या दिवशी चिंच आणि रांगोळी घेऊन या." बायकांना ते फार पटलं. दर महिन्याला त्या येऊ लागल्या आणि आपल्या तपेल्यांचा झालेला देव चिंचेने आणि रांगोळीने घासू लागल्या. भिमाजीसर तर स्वतः म्हाताऱ्यांना दांड्याला धरून वर चढवायचे. "या, लावा हात. गालाला लावा. संकोच करू नका."

दुसऱ्या वर्षी सणाच्या आधी ताईबरोबर मी गेलो होतो. ब्राँझवर अधूनमधून मेणाचा हात देतात, म्हणजे पाण्याने आणि हातांनी झीज होत नाही. तिने घोड्याला मेण दिलं. मार्टिनला दिलं, झग्याला दिलं. भिकाऱ्याच्या पायांना, फासळ्यांना, पसरलेल्या हाताला दिलं. गळ्यापर्यंत आली आणि तिने फडकं खाली ठेवलं.

"चेहरा राहिला," मी म्हणालो.

"राहू दे."

मी पायऱ्या चढून जवळून पाहिलं. नाकाचा शेंडा सोन्यासारखा चमकत होता. डोळ्यांखालच्या पिशव्या होत्या तिथे आता नुसता हलका उंचवटा होता. ओढलेला ओठ सरळ झाला होता. आणि डाव्या कानाची फाटलेली पाळी बोटांनी आणि चिंचेने इतकी गुळगुळीत झाली होती की तिथे फक्त एक रेघ राहिली होती.

मी मागे वळलो. ती खालून माझ्याकडे बघत होती.

"पंचवटीतले जुने दगडी देव बघितलेत ना भाऊ?" ती म्हणाली. "नाक नाय, डोळे नाय. चांदीचे डोळे चिकटवावे लागतात. कुणी फोडलं त्यांना? लोकांनी हात लावून लावून नेलं." तिने मेणाचा डबा बंद केला. "माझ्या आईचं तोंड त्याने एका दिवसात नेलं. याचं जायला धा वर्षं लागू दे. मला घाई नाय. आणि तोच वर चढवतोय लोकांना."

मला हसू आलं नाही. मी पायरीवर बसूनच राहिलो.

परवा तिसरा सण झाला. सर नेहमीसारखे मूर्तीशेजारी उभे होते. आता थकले आहेत, पण शाल तशीच. नुकत्याच बदली होऊन आलेल्या एका जवानाची बायको मोबाइल घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला होता का? देवाचा फोटो घ्यायचाय."

सर हसले. "मला असू दे फोटोत. हा चेहरा माझाच आहे, बाळ."

तिने भिकाऱ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग परत भिकाऱ्याकडे. "काहीतरीच काय आजोबा," ती म्हणाली आणि त्यांचा दंड धरून हळूच त्यांना बाजूला केलं.

सर वळले. दोन वर्षं ते मूर्तीकडे पाठ करून लोकांकडे बघत उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतःकडे नीट पाहिलं. दांडा धरून ते पायऱ्या चढले आणि मूर्तीच्या डाव्या कानावरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. मग तेच बोट त्यांनी आपल्या कानाला लावलं. काय सापडलं नाही ते त्यांना कळलं, कारण मग ते बोट त्यांनी मूर्तीच्या नाकावरून आणि ओठावरून नेलं. शिल्पकार होते शेवटी. पुढे काय काय जाणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

"मोहिनी," ते म्हणाले, "याला मेण का नाही दिलंस?"

ताई पायरीशी उभी होती. तिच्या एका हातात चिंचेचा गोळा होता, दुसऱ्यात रांगोळीची वाटी. मागे बायकांची रांग लागली होती.

"धातूच हाय ना सर," ती म्हणाली. "करा की पुन्हा."

सर खाली उतरले. कुणी त्यांना धरलं नाही. गर्दीतून वाट काढत ते फाटकाकडे गेले आणि त्यांच्यामागे रांग एक पायरी पुढे सरकली. मी रांगेत तिसरा होतो. माझा नंबर आला तेव्हा ताईने माझ्या तळहातावर चिंच ठेवली, वर चिमूटभर रांगोळी टाकली. मी वर चढलो, भिमाजीसरांचं नाक अंगठ्याखाली धरलं आणि चांगला जोर लावून घासलं.